गोठ्याला दार बसलं ते साल

आमच्या गोठ्याला कधी दार नव्हतं. हे काय सांगण्यासारखं झालं, असं तुम्ही म्हणाल. पण त्या एका दारावरून आमच्या घरात जेवढी बोलणी झाली, तेवढी माझ्या लग्नातल्या मानपानावरूनसुद्धा झाली नव्हती. पंचायतीचे ग्रामसेवक, भाऊसाहेब, जागा बघायला आले. गोठ्यात चहूकडं नजर टाकली आणि म्हणाले, "मावशी, ह्याला दार पाहिजे. आतनं कडी, बाहेरनं कडी. एखादं कुत्रं सुटून पौड रस्त्यावर पळालं तर जबाबदार कोण?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ह्या गोठ्यात बैल राहिले, म्हशी राहिल्या, गाभण गाई राहिल्या. एक कधी पळालं न्हाई."

"ती तुमची होती, मावशी," ते म्हणाले. "ही लोकांची हायेत."

खरंच होतं ते.

आता आधीचं सांगते, म्हणजे नीट कळेल. माझी सून कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. हा शब्द मला आता सरळ म्हणता येतो. सुरुवातीला मी शेजारणींना सांगायचे, "कुत्र्यांची न्हाणी-वेणी करती माझी सून," आणि त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. पण खरं काम बघाल तर हसणार नाही. अंघोळ घालायची, केस विंचरून गुंता काढायचा, उन्हाळ्यात केस कापून हलके करायचे, नखं काढायची, कान पुसायचे. कोथरूडला एका दुकानात ती हे शिकली आणि तिथंच कामाला लागली. लेक हिंजवडीला एका कंपनीत माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्या सोडायचं काम बघतो. दोघंही सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे.

मग नात झाली. पोर दोन वर्षांची होईपर्यंत सून घरी राहिली, आणि तिच्या मनात आलं की आता कोथरूडला जायचंच कशाला? भुकूमपासून आमच्या गावापर्यंत टॉवर उभे राहिलेत. आमच्या भाताच्या खाचरांतून आता लोकांच्या बाल्कन्या दिसतात, आणि बाल्कनीत कुत्री दिसतात. ही सगळी माणसं कुत्र्याला अंघोळ घालायला गाडीत बसवून पुण्यात नेतात आणि चांदणी चौकात अडकून पडतात. "आई, आपल्याकडे रिकामा गोठा आहे," सून म्हणाली. "मी इथंच सुरू केलं तर?"

मला पटलं. पण नुसतं पटून भागत नाही. शॉप अ‍ॅक्टचा कागद मोबाईलवर निघाला. टॉवरमधल्या लोकांनी मात्र स्वच्छ सांगितलं की पंचायतीचा दाखला दाखवा, मगच आमची कुत्री तुमच्याकडं. त्यांचंही काही चुकलं नाही. त्या कुत्र्यांवर त्यांचा लेकरासारखा जीव. म्हणून आम्ही दोघी पंचायतीत गेलो.

तिथं गंमतच झाली. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कॉम्प्युटरकडं बघत बसले. "हे बसवू कशात? सलूनमध्ये घालावं तर सलून माणसांचं. डेअरीत घालावं तर दूध न्हाई. पोल्ट्री तर न्हाईच न्हाई."

"सर, सर्व्हिस असं लिहा ना," सून म्हणाली.

मागच्या बाकावर गावातले एक म्हातारे घरपट्टी भरायला आले होते. ते म्हणाले, "मंग गाड्यांच्या सर्व्हिसिंगात घाला की. ते बी धुत्यात, ही बी धुतीय."

सगळी पंचायत हसली. सूनही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, "तुमालाच आणते पयल्या दिवशी. फुकट धुऊन देईल माझी सून." तेव्हा कुठं ते गप्प बसले.

भाऊसाहेब मात्र माणूस सरळ. त्यांनी तालुक्याला फोन लावला, दोन-तीन ठिकाणी विचारलं आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं. जमीन धुता येईल अशी पाहिजे. भिंती खालून निम्म्या फरशीच्या पाहिजेत. साबणाचं पाणी उघड्या गटारीत सोडायचं नाही, शोषखड्डा काढायचा. दार पाहिजे, जे जागा बघायला आले तेव्हा त्यांनी पुन्हा बजावलं. आणि हे सगळं झालं की जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन बघतील, त्यांनी बरं म्हटलं की दाखला.

"आणिक एक," ते म्हणाले. "घरपट्टीला नावं दोन हायेत. एक तुमच्या मालकांचं, ते तर आता न्हाईत. दुसरं थोरल्या बाबांचं. त्यांची संमती आणा. ती नसंल तर बाकीचं सगळं करून उपयोग न्हाई."

आणि तिथंच आमचं घोडं अडलं.

थोरले बाबा म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलंय. जाऊबाई फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळं भावजी शेवटपर्यंत आमच्याच घरात. आणि घरात म्हणजे तरी काय, गोठ्यातच. तो गोठा त्यांचा जीव होता.

आमच्या ह्या भागात पाऊस फार, आणि शेती सगळी भाताची. बैल लागायचे ते चिखलणीला, गुडघ्याएवढ्या चिखलात दिवसभर चालणारे. भावजींची जोडी ठेंगणी होती, एक पांढरा, एक काळसर, पण चिखलात पाय कधी डळमळला नाही. सोमवारी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कितीही लावणी अडू दे, सोमवारी बैलाला सुट्टी. त्या दिवशी भावजी त्यांना ओढ्यावर न्यायचे. पेंढ्याची मूठ वळून अंग घासायचे, शेपटीचा गोंडा सुटा करून धुवायचे. आणून गोठ्यात बांधले की अंगावरून लोखंडी दात्यांचा खरारा. तो खराऱ्याचा आवाज, खर्र, खर्र, मला अजून दुपारी झोप लागता लागता ऐकू येतो.

थंडी सरली की म्हशी भादरणारा यायचा. काखेत वस्तरा आणि डब्यात साबण, एवढंच त्याचं दुकान. ओट्यापुढं म्हैस बांधायची, अंगभर फेस करायचा आणि तो असा झरझर वस्तरा चालवायचा की बघत राहावं. आम्ही बाया पाणी द्यायच्या निमित्तानं उभ्या राहायचो. म्हैस भादरून झाली की काळीभोर, ओली पाटी पुसावी तशी चमकायची. कुठं कापलं तर हळद दाबायची, बस्स. त्याला कधी कुणी दाखला मागितला नाही. मागितला असता तर त्यानं डब्याचं झाकण उघडून साबण दाखवला असता. आता नियम नसावेत, असं मी म्हणत नाही. एकदा त्याच्या हातून एका म्हशीचं सड कापलं होतं आणि ती बिचारी किती दिवस कासेला हात लावू देत नव्हती, हे मला आठवतंय. पण आठवण म्हटली की आधी तो चमकणारा काळा रंगच आठवतो, काय करणार.

तर मी भावजींचं सांगत होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी पद्धत होती. डोक्यावर पदर, नजर खाली. अगदीच बोलायचं झालं तर तिसऱ्या माणसाला मध्ये घालून. पण घरात तिसरं माणूस नेहमी कुठून आणायचं? मालक रानात, सासूबाई देवळात, आणि इकडं भाकरी गार होतीये. मग मी बैलाला मध्ये घातलं. गव्हाणीपाशी उभी राहायची आणि पांढऱ्याला म्हणायची, "न्याहारी झालीया म्हणावं. कोरड्यास निवतंय."

भावजी खरारा थांबवायचे नाहीत. तेही बैलालाच सांगायचे, "आलोच म्हणावं."

असं आमचं बोलणं. हसू नका, वर्षानुवर्षं चाललं. एकदा माझ्याकडून आमटीत मीठ राहिलं. दुसऱ्या दिवशी बैलाला बोलणी बसली, "आज तरी मीठ टाकाय सांग रं बाबा, काल तुझा कोंडा बरा लागला आसता." पांढरा बिचारा रवंथ करत उभा. मी पाठमोरी होऊन पदरात हसले, आणि मला वाटतं तेही हसले असावेत, कारण खराऱ्याचा आवाज मध्येच थांबला.

मालक गेले तेव्हा लेक शाळेत होता. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि मी गोठ्यात शेण काढायला लागले. दुसरं करणार काय? भावजी आले. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरायचं काय कारण न्हाई म्हणावं. मी हाय." मी तशीच शेणाच्या हातानं बैलाच्या अंगावर डोकं टेकून रडले. तो जरासुद्धा हलला नाही.

मग ट्रॅक्टर आले. खाचरांचे प्लॉट झाले. आमचंही थोडं रान गेलं, लेकानं त्यातून घर बांधलं. काळसर बैल आधी गेला, पांढरा म्हातारा होऊन गेला, त्याला बांधाच्या कडेला पुरला. गोठा रिकामा झाला तरी भावजी रोज झाडायचे. दुपारी तिथंच घोंगडी टाकून पडायचे.

अशा माणसाला जाऊन लेक म्हणाला, "आबा, गोठ्यात कुत्र्यांचं पार्लर काढायचंय, तुमची सही लागतीय."

"कुत्र्यांचं काय?"

"पार्लर. अंघोळ, केस कापायचे."

भावजी घोंगडीवर उठून बसले. "माझ्या बैलाच्या जागंत कुत्री भादरायची? आन् उद्या म्हणशील, मांजरांची लग्नं लावू."

"आबा, गोठा रिकामा पडलाय. उंदरं नाचत्यात तितं."

"नाचू दे. उंदरं सही मागत न्हाईत."

लेक तणतणत बाहेर आला. त्यानंतर दोन-तीन वेळा विचारून बघितलं, पण भावजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. जेवायला यायचे, ताट संपवायचे, उठून जायचे. सुनेनं मात्र त्यांना एक शब्दानं विचारलं नाही. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "आई, राहू द्या. मी परत कोथरूडला जाते. पोरगी तुमच्याजवळ राहील." एवढं बोलली आणि मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत टाकायला लागली. पोर उठायच्या आत घर सोडायचं आणि पोर झोपल्यावर परत यायचं, हे तिनं शेजारणीच्या सुनेचं बघितलं होतं. शेजारणीचं पोर आजीलाच आई म्हणतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले. आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो, तरी सरळ बोलायची सवय कधी लागलीच नाही. आधी लेकाला मध्ये घालायचो, मग नातीला. त्या वेळी नात झोपली होती. भावजी भिंतीला टेकून बसले होते. मी गव्हाणीपाशी उभी राहिले आणि पांढऱ्याच्या रिकाम्या खुंट्याकडं बघून म्हटलं, "पोरगी परत कोथरूडला निघालीया म्हणावं. लेकरू मागं ठिवून."

ते बोटानं घोंगडीची दशी वळत राहिले.

"हितं कुठलं जनावर कधी न्हाल्याबिगर राहिलं न्हाई म्हणावं. ती बी जनावरंच न्हाऊ घालणार हाय. दुसरं काय वंगाळ करणार न्हाई."

बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिची ती टुणटुण चालू होती. मग भावजी म्हणाले, "खुंट्याला काय कळतंय? मला सांग की."

मी दचकून बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे असे समोरून पाहिलेच नव्हते. घारे होते हो! मला ठाऊकच नव्हतं.

मग मी गव्हाणीच्या कडेला टेकले आणि सगळं सांगितलं. पंचायत, शोषखड्डा, दार, डॉक्टरीणबाई. त्यांनी ऐकून घेतलं. "सोमवारी बंद ठिवायचं," ते म्हणाले. "आन् खुंटा उपटायचा न्हाई."

"न्हाई उपटणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. पण सही केली आणि घोंगडी उचलून पडवीत जाऊन पडले, भिंतीकडं तोंड करून. गवंडी आले, गव्हाण फोडली त्या दिवशी ते सकाळीच उठून देवळात गेले ते दिवे लागल्यावर आले. खाली गुळगुळीत सिमेंट झालं, भिंतीला पांढऱ्या फरश्या लागल्या, दार बसलं, खुंट्याला सुनेनं जाड रबर गुंडाळलं की कुठल्या कुत्र्याला लागू नये. भावजी एकदाही बघायला आले नाहीत. सून मला सारखं विचारायची, "आई, आबांनी मनापासून दिली का?"

"सही दिली ना बाई."

"सही वेगळी."

तिचं खरं होतं. एवढं सगळं उभं केलं, पण म्हाताऱ्याच्या मनाविरुद्ध त्याची जागा घेतली, हे तिला सलत होतं. मला म्हणाली, "ते नुसते एकदा आत येऊन गेले असते तरी मला बरं वाटलं असतं."

डॉक्टरीणबाई यायच्या होत्या त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं सगळी जमीन फिनेल टाकून पुसली. दवाखान्यासारखी दिसत होती. दार ओढून घेतलं आणि आम्ही झोपलो.

सकाळी मी दार उघडायला गेले तर वास आला. ओळखीचा, पण किती तरी दिवसांत न आलेला. ताज्या शेणाचा. दार ढकललं आणि बघतच राहिले. सगळा गोठा सारवलेला! ते गुळगुळीत सिमेंट, ज्याचे पैसे अजून गवंड्याला द्यायचे होते, ते हिरव्यागार शेणाखाली गेलं होतं. पांढऱ्या फरश्यांवर शिंतोडे उडालेले.

आणि ते सारवण बायकांचं नव्हतं. बाई सारवते तेव्हा बसल्या जागेवरून हात फिरेल तेवढा अर्धगोल काढते, मग सरकून दुसरा. त्यामुळं आपलं सारवण कोयऱ्या-कोयऱ्यांचं दिसतं. हे मात्र ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ गेलेलं, तिथं वळून परत आलेलं, पुन्हा वळलेलं. नांगराचे तास घालावेत तसं. बापय माणसानं केलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा केलेलं.

भावजी बाहेर नळापाशी हात धूत होते. कोपरापर्यंत हिरवे झाले होते. शेजारी घमेलं पालथं. आमच्याकडं जनावर नाही, म्हणजे ते वरच्या वाडीला, जिथं एका घरी अजून म्हशी आहेत, तिथवर जाऊन डोक्यावर शेण घेऊन आले होते. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

"भावजी, हे काय?" मी म्हटलं.

"काय म्हंजी? डागदरीणबाई येणार ना? पाव्हणं माणूस पयल्यांदा जागंत पाय ठिवणार आन् जागा सारवाय नगं? तुमा कुणाच्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

आवाज ऐकून लेक आला आणि बघून ओरडलाच, "आबा! हे काय करून ठिवलं? अख्खी जागा फिनेलनं पुसली हुती! आज त्या बघाय येणार, आता काय दाखवायचं त्यास्नी?"

मागून सून आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. दारात उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघायलाच घाबरत होते. ती बराच वेळ त्या सरळ रेघांकडं बघत होती. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा गप्प बसा."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलण्यावरून सोलापूरकडच्या. दारापाशी आल्या आणि थांबल्या. "ओलं आहे," म्हणाल्या, "मी पाय टाकत नाही." मग हळूच विचारलं, "कोणी सारवलं?"

"मी," भावजी म्हणाले. "का? कुटं कमी पडलं का?"

"नाही बाबा, कमी काही नाही. पण मला खालची जमीन बघायचीय. पाण्याला उतार आहे का, भेगा आहेत का. कुत्र्याचं नख दुखावलेलं असलं आणि त्याला शेण लागलं तर पिकतं. अशी जागा मला चालते म्हणून लिहिता येणार नाही." हे त्या सुनेकडं बघून म्हणाल्या. "मी आता ताम्हिणीकडं लसीकरणाला चाललेय. येताना थांबते. तोवर धुऊन ठेवा. आज नाही झालं, तर मग इकडं पुन्हा कधी येणं होईल ते मला सांगता येत नाही."

जीप गेली. भावजींचं तोंड उतरलं होतं. आपल्या हातून काय झालं, ते त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी काठी घेतली आणि फाटकाकडं निघाले.

"आबा, कुठं निघालात?" सून म्हणाली. "नळी कोण धरणार?"

"मी केल्यालं मीच धुवू व्हय?"

"मग काय मी एकटी धुवू? केवढ्या दाबून रेघा मारल्यात. माझ्या एकटीच्यानं निघायच्या नाहीत त्या."

भावजी थांबले. "दाबून न्हाई मारल्या तर पोपडं सुटत्यात," म्हणाले. आणि काठी भिंतीला लावून परत आले.

मग दोघं लागले धुवायला. भावजींनी नळी धरली, सून धोतरासारखी सलवार खोचून खराटा मारत होती. मी पायरीवर नातीला घेऊन बसले. भावजी कसे धूत होते ते बघत होते. आधी वर, फरशीच्या कडेपासून, मग पाणी हळूहळू खाली आणत, मग शेवटी कोपरे. बैल धुताना माथ्यापासून सुरू करून शेपटीपर्यंत जायचे ना, तस्संच. मधूनच नळीवर अंगठा दाबून पाण्याची धार बारीक करायचे. मला वाटलं, ओढ्यावर उभी आहे, धुणं पिळायचं तसंच हातात राहिलंय, आणि पलीकडं पांढऱ्याच्या पाठीवरून पाणी निथळतंय. नात माझ्या मांडीवरून निसटून पाण्यात नाचायला गेली तेव्हा कुठं मी भानावर आले.

मध्येच मोरी तुंबली. शेणातल्या काड्या जाळीला अडकल्या होत्या. भावजींनी हात घालून काढल्या. पाणी घळघळ शोषखड्ड्याकडं गेलं, पण एका कोपऱ्यात राहिलंच. हलेना.

"हितं गवंड्यानं गंडवलंय तुला," भावजी म्हणाले. "उतार न्हाई."

सुनेनं वाकून बघितलं. "फडक्यानं पुसताना कळलंच नाही, आबा."

"आता काय करायचं? झाकून टाकू का कायतरी ठिवून?"

"नको. त्या आल्या की मीच दाखवते."

डॉक्टरीणबाई दुपार कलल्यावर आल्या, साडीच्या काठाला लाल चिखल लागलेला. चपला बाहेर काढून आत गेल्या. गिझर बघितला, दाराच्या दोन्ही कड्या लावून बघितल्या, मोरीत बादलीभर पाणी ओतायला लावलं. सुनेनं त्यांना तो कोपरा दाखवला. त्या म्हणाल्या, "हा नीट करून घ्या, मग दाखला निघेल. बाकी ठीक आहे." कोपरा पुढच्या आठवड्यात झाला, दाखलाही निघाला. आता टॉवरमधली गुबगुबीत कुत्री आमच्या फाटकात रांगेत बसतात, सोमवार सोडून. पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलंय.

लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "जागेला दुसरं नाव ह्या बाबांचं ना? बाबा, सही आहे तुमची, पण मला समोर विचारावं लागतं. इथं हे काम चालू झालं तर तुमची काही हरकत नाही ना?"

सून कोपऱ्यातलं पाणी खराट्यानं ओढत होती. तिचा हात थांबला.

भावजींनी तिच्याकडं बघितलं नाही. वाळत आलेल्या जमिनीकडं बघत म्हणाले, "बाई, हरकत आसती तर सारवलं आसतं व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. सून आत गेली. जरा वेळानं चहा घेऊन आली, पाहुण्यांच्या कपांत. डोळे धुऊन आली होती. आणि पहिला कप तिनं डॉक्टरीणबाईंना न देता भावजींपुढं धरला.

"आगं, आधी पाव्हण्यास्नी दे," भावजी खेकसले. "रीतभात हाय का न्हाई?"

"त्यांचं लिहून होऊ द्या, आबा," ती म्हणाली. "तुमचे हात गारठलेत."